वायूमापनातील लुडबूड: टिंडलच्या नळीपासून सिंहगडापर्यंत

वायूतून प्रकाश सोडायचा, पलीकडे किती पोचला ते पाहायचे आणि वाटेत जो नाहीसा झाला त्यावरून वायूचे प्रमाण ठरवायचे, ही प्रकाशीय वायूमापनाची मूळ रीत. प्रत्येक वायू ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश शोषतो, बाकीचा सोडून देतो. कार्बन डायऑक्साइडचा सर्वांत जोरकस पट्टा ४.२६ मायक्रोमीटरपाशी आहे, नायट्रस ऑक्साइडचा ४.५ च्या आसपास आणि कार्बन मोनॉक्साइडचा ४.६७ पाशी. हे सगळे डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांच्या प्रदेशात येते. तत्त्व सोपे आहे. अडचण अशी की हवेत, धुरात किंवा माणसाच्या श्वासात एकटा वायू कधीच नसतो. शेजारचे वायू दोन तऱ्हांनी लुडबूड करतात. काही जण हव्या असलेल्या वायूच्याच जागेवरचा प्रकाश खातात. काही जण प्रकाशाला हातही लावत नाहीत, पण हव्या असलेल्या वायूची प्रकाश शोषण्याची ताकद कमीजास्त करतात. पहिली तऱ्हा पहिल्या दिवसापासून माहीत होती. दुसरी प्रयोगशाळेत सापडली, तरी मोजणाऱ्यांच्या हिशेबात शिरायला तिला बरीच वर्षे लागली, आणि या विद्येच्या इतिहासातला अधिक रंजक भाग तोच आहे.

१८५६ मध्ये अमेरिकेत युनिस फूट यांनी काचेच्या नळ्यांत निरनिराळे वायू भरून त्या उन्हात ठेवल्या आणि कार्बन डायऑक्साइडची नळी जास्त तापते, हे नोंदवले. मात्र त्या प्रयोगात सूर्यप्रकाश आणि अवरक्त उष्णता वेगळी काढलेली नव्हती. ते काम लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जॉन टिंडल यांनी १८५९ पासून हाती घेतले.

टिंडलचे उपकरण बारकाईने पाहण्यासारखे आहे, कारण पुढच्या शंभर वर्षांच्या यंत्रांचा सांगाडा त्यातच दिसतो. सुमारे चार फूट लांबीची, आतून चकचकीत केलेली पितळी नळी. काच उष्णतेचे किरण अडवते, म्हणून नळीची दोन्ही तोंडे सैंधवाच्या पारदर्शक चकत्यांनी बंद केलेली. एका टोकाला उष्णतेचा उगम म्हणून उकळत्या पाण्याने भरलेला तांब्याचा डबा आणि दुसऱ्या टोकाला थर्मोपाइल, म्हणजे उष्णता लागताच सूक्ष्म वीज निर्माण करणारी धातूंच्या जोड्यांची चळत. खरी युक्ती पुढे होती. थर्मोपाइलच्या पाठीमागे टिंडलने उकळत्या पाण्याचा दुसरा डबा ठेवला आणि दोन्ही बाजूंची उष्णता तराजूच्या पारड्यांसारखी सारखी केली. नळी रिकामी असताना गॅल्व्हानोमीटरचा काटा शून्यावर. नळीत वायू शिरला की एक बाजू हलकी पडे आणि काटा सरके. सगळी उष्णता मोजून त्यातली किंचित घट शोधण्यापेक्षा नुसता फरक मोजणे कितीतरी सोपे आणि संवेदनशील होते.

ऑक्सिजन, नायट्रोजन आणि हायड्रोजन यांनी काटा जवळजवळ हलला नाही. साध्या हवेने मात्र तो चांगलाच हलवला. हवेतले बाष्प गंधकाम्लाने आणि कार्बन डायऑक्साइड कॉस्टिक पोटॅशने काढून टाकल्यावर काटा पुन्हा शून्याजवळ आला. हवेतला फार थोडा भाग सगळी उष्णता अडवतो आणि त्यात बाष्पाचा वाटा मोठा आहे, हा निष्कर्ष टिंडलने १८६१ च्या बेकेरियन व्याख्यानात मांडला. त्याच ओघात सुगंधी तेलेही तपासली गेली. कागदाच्या गुंडाळीला तेल लावून त्यातून कोरडी हवा नळीत सोडली की तिच्याबरोबर आलेला अत्यल्प वासही काट्याला जाणवे. पचौलीच्या वासाची हवा कोरड्या हवेच्या तीस पट शोषण करत होती. प्रयोगशाळेत कोणी अत्तर लावून आले तरी आकडा बिघडेल, असा याचा अर्थ होतो. शेजाऱ्याच्या लुडबुडीचे इतके स्पष्ट प्रात्यक्षिक या विषयाच्या आरंभकाळात दुसरे सापडत नाही.

बाष्पाबद्दलचा निष्कर्ष बर्लिनच्या गुस्टाव्ह माग्नुस यांना पटला नाही. त्यांच्या प्रयोगांत दमट आणि कोरड्या हवेत असा मोठा फरक दिसत नव्हता. मीठ हवेतले पाणी ओढते. टिंडलच्या सैंधवाच्या चकत्यांवर पाण्याचा पातळ थर बसत असणार आणि उष्णता तोच थर अडवत असणार, असा त्यांचा आक्षेप होता. आक्षेप गंभीर होता, कारण लुडबूड वायूची नसून खिडकीवरच्या ओलाव्याची आहे असे त्यातून निघत होते. टिंडलने उत्तरादाखल चकत्या काढून टाकल्या आणि उघड्या नळीत आलटून पालटून कोरडी व दमट हवा सोडून पाहिली. लंडनच्या घाण हवेचा हा परिणाम असेल या शंकेवर त्याने हाइड पार्क, हॅम्पस्टेड हीथ, एप्समचे मैदान आणि वाइट बेटावरचा समुद्रकिनारा इथली हवा आणवून तपासली. फरक सगळीकडे तोच आला. वाद तरीही माग्नुसच्या हयातीत मिटला नाही. आज पाहता टिंडलचा निष्कर्ष बरोबर ठरला, पण माग्नुसचा प्रश्नही फोल नव्हता. वायूमापन यंत्राची खिडकी ओली किंवा मळकी होणे ही आजही देखभालीतली पहिली तक्रार असते.

टिंडलच्या हाताखालच्या विल्यम बॅरेट यांनी माणसाच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड याच मार्गाने मोजला. उष्णतेचा उगम म्हणून त्यांनी जळत्या कार्बन मोनॉक्साइडची ज्योत वापरली. ती जळून तयार होणारा कार्बन डायऑक्साइड तापलेला असतो आणि जे किरण थंड कार्बन डायऑक्साइड शोषतो, नेमके तेच तो बाहेर टाकतो. उगमच निवडक असल्यामुळे श्वासातल्या बाष्पाला लुडबूड करायला फारसा वाव राहिला नाही. एडवर्ड फ्रँकलंड यांच्या रासायनिक विश्लेषणाशी ही उत्तरे चांगली जुळली. लुडबूड टाळण्यासाठी मोजायच्या वायूलाच यंत्राचा भाग करण्याची ही कल्पना पुढे सत्तर वर्षे जवळपास पडून राहिली.

मधल्या काळात प्रश्न प्रयोगशाळेतून आकाशात गेला. १८९६ मध्ये स्वीडनच्या स्वांटे आरेनियस यांनी हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढला तर पृथ्वी किती तापेल याचा हिशेब मांडला. उप्साला येथील क्नुट आँगस्ट्रॉम यांनी १९०० मध्ये त्याला हरकत घेतली. कार्बन डायऑक्साइड शोषतो त्या जागेवरचा प्रकाश बाष्प आधीच खाऊन बसले आहे आणि उरलेला पट्टा पुरता भरलेला आहे. आणखी वायूने काही बिघडणार नाही, असे त्यांचे म्हणणे. त्या काळच्या उपकरणांना शोषणपट्टे धूसर, सलग दिसत. प्रत्यक्षात हे पट्टे शेकडो बारीक रेषांचे बनलेले असतात, आणि बाष्पाच्या रेषांमधल्या फटींत कार्बन डायऑक्साइडच्या रेषा बसतात. शिवाय वरच्या थंड, विरळ थरांत बाष्प जवळजवळ नसते. हे नीट उलगडायला १९५० चे दशक आणि गिल्बर्ट प्लास यांचे गणित यावे लागले.

उप्सालातच १९०९ मध्ये एव्हा फॉन बाहर यांनी केलेले काम कमी गाजले, पण या कथेत त्याचे वजन जास्त आहे. प्रकाश शोषणारा वायू तेवढाच ठेवून त्यांनी नळीत प्रकाशाला पारदर्शक असलेला दुसरा वायू भरला आणि एकूण दाब वाढवला. शोषण वाढले. म्हणजे जो वायू स्वतः काहीच शोषत नाही, तोही नुसत्या हजेरीने मोजणी बदलतो. कारण रेणूंच्या टकरींत आहे. टकरी वाढल्या की प्रत्येक शोषणरेषा रुंदावते. रेषेच्या मध्यावरचा प्रकाश बहुतेक आधीच संपलेला असतो. रुंदावलेल्या कडा मात्र नवा प्रकाश गिळतात. टक्कर कोणाशी होते यावरही रुंदी अवलंबून असते. कार्बन डायऑक्साइडच्या रेषा नायट्रोजनच्या टकरींनी जितक्या रुंदावतात तितक्या ऑक्सिजनच्या टकरींनी रुंदावत नाहीत. वर सांगितलेली दुसरी तऱ्हा ती हीच.

प्रकाशीय वायूमापन कारखान्यात आले ते जर्मनीत. लुडविग्सहाफेन येथील आय. जी. फार्बेनच्या रासायनिक कारखान्यांत कार्बन मोनॉक्साइड, मिथेन, ॲसिटिलीन असे वायू नळ्यांतून अखंड वाहत. त्यांचे प्रमाण तपासण्यासाठी नमुना काढून ऑर्साटच्या काचेच्या उपकरणात एकेका रसायनात शोषून घ्यावा लागे. उत्तर येईपर्यंत नळीतला वायू बदललेला असे. एर्विन लेहरर आणि कार्ल फ्रीडरिख लुफ्ट यांनी १९३८ मध्ये यावर तोडगा म्हणून स्वतःच नोंद करणारे अवरक्त यंत्र तयार केले. ते उरास या नावाने ओळखले गेले.

या यंत्रात प्रकाश फाकून तरंगलांब्या वेगळ्या करणारा लोलक नव्हता. दोन तापलेल्या तारांचे किरण दोन समांतर नळ्यांतून जात; एका नळीत नायट्रोजन, दुसरीतून तपासायचा वायू. फिरणारी चकती किरण ठरावीक वेगाने तोडत असे. खरे कसब शेवटच्या डबीत होते. तिचे दोन कप्पे मोजायच्या वायूनेच भरलेले आणि मध्ये धातूचा अत्यंत पातळ पडदा. कार्बन मोनॉक्साइड मोजायचा असेल तर डबीत कार्बन मोनॉक्साइड. डबीतला वायू फक्त आपल्याच रेषांवरचे किरण शोषून तापे आणि फुगे. नमुन्याच्या नळीत तोच वायू असला की त्या बाजूला किरण कमी पोचत, दाब कमी पडे, पडदा एका अंगाला झुके. पडदा विद्युतधारित्राचा भाग असल्याने त्याची हालचाल विजेत उतरे आणि कागदावर रेघ उमटे. बॅरेटने ज्योतीत जे साधले होते ते लुफ्टने दुसऱ्या टोकाला, ग्राहकात, साधले.

तरीही शेजाऱ्यांचा त्रास उरलाच. कार्बन डायऑक्साइडचे काही दुबळे पट्टे कार्बन मोनॉक्साइडच्या प्रदेशात घुसतात आणि भट्टीच्या धुरात तो मोनॉक्साइडपेक्षा कितीतरी जास्त असतो. त्यावर उपाय म्हणून दोन्ही किरणांच्या वाटेत कार्बन डायऑक्साइड भरलेली एकेक नळकांडी बसवत. ज्या किरणांवर लुडबुड्या वायूचा डोळा आहे, ते आधीच काढून टाकायचे. मग नमुन्यात तो वाढला काय आणि घटला काय, शोषायला त्याला फारसे काही शिल्लक राहत नाही. ही गाळणी नळकांडी पुढे अनेक दशके प्रत्येक बनावटीच्या यंत्रात दिसतात. बाष्पाला मात्र हा उपाय नीट लागू पडत नाही. बंद नळकांड्यात पुरेसे बाष्प भरायला जावे तर ते काचेवर घाम होऊन बसते. म्हणून नमुना आधी थंड करून कोरडा करण्याची पद्धत रूढ झाली. लुफ्टने १९६० च्या दशकात दोन ग्राहक डब्या एकामागे एक ठेवण्याचा मार्गही काढला: पुढची डबी रेषेच्या मध्यावरचे किरण घेते, मागची कडांवरचे, आणि शेजारी वायूचा परिणाम दोहोंत परस्परांना खोडून काढतो.

लुफ्टने उरासची रचना १९४३ मध्ये जाहीर केली आणि युद्धानंतर तिच्या आवृत्त्या ब्रिटन-अमेरिकेत निघाल्या. याच घराण्यातली साधी यंत्रे आज महाराष्ट्रातल्या पेट्रोल पंपांवर पीयूसीच्या, म्हणजे वाहनांच्या धूरतपासणीच्या, टपरीत बसलेली दिसतात. तिथेही शेजाऱ्यांचा हिशेब चुकत नाही. धुरातले न जळलेले हायड्रोकार्बन हे शेकडो संयुगांचे मिश्रण असते; यंत्र त्यांचा आकडा हेक्झेनच्या भाषेत देते. हेक्झेन दाबाखाली सिलिंडरमध्ये द्रव होऊन बसतो, म्हणून यंत्र लावून घेतात ते प्रोपेनने, आणि आकड्याला साधारण निम्म्याचा गुणक लावतात.

शस्त्रक्रियागृहात हा प्रश्न जिवाशी खेळणारा ठरला. १९५० च्या दशकात जेम्स एलम आणि मॅक्स लिस्टन यांनी भूल दिलेल्या रुग्णाच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड अखंड दाखवणारे अवरक्त यंत्र आणले. निरोगी माणसाच्या उच्छ्वासात तो सुमारे पाच टक्के असतो. भुलेच्या मिश्रणात नायट्रस ऑक्साइड मात्र साठ-सत्तर टक्क्यांपर्यंत असे, आणि त्याचा पट्टा अगदी भिंतीला भिंत लागून. सुरुवातीच्या यंत्रांना नायट्रस ऑक्साइड थोडासा कार्बन डायऑक्साइडच वाटे. गाळण्यांनी ते आवरल्यावरही आकडा फुगलेलाच राही, कारण नायट्रस ऑक्साइडच्या टकरींनी कार्बन डायऑक्साइडच्या रेषा रुंदावत होत्या. १९६१ मध्ये जॉन सेव्हरिंगहाउस आणि सहकाऱ्यांनी नायट्रोजन, नायट्रस ऑक्साइड आणि सायक्लोप्रोपेन यांच्यासाठी दुरुस्तीचे गुणक छापले. फॉन बाहर यांचा १९०९ चा परिणाम असा भूलतज्ज्ञांच्या रोजच्या कोष्टकात आला. आजची यंत्रे नायट्रस ऑक्साइड वेगळा मोजून दुरुस्ती आपोआप करतात. काहींत ऑक्सिजनचे प्रमाण अजून हाताने भरावे लागते.

वातावरणाच्या अभ्यासकांना हाच धडा नंतर गिरवावा लागला. चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी मार्च १९५८ मध्ये हवाईच्या मौना लोआ डोंगरावर, सुमारे ३,४०० मीटर उंचीवर, अप्लाइड फिजिक्स कॉर्पोरेशनचे अवरक्त यंत्र सुरू करवले. पहिली नोंद दहा लाख भागांत ३१३ भाग, म्हणजे ३१३ पीपीएम, अशी आली. हवा मनोऱ्यावरच्या तोंडातून ओढली जाई आणि यंत्रात जाण्याआधी थंड सापळ्यातून नेऊन तिच्यातले बाष्प गोठवून काढले जाई. पहिल्या तऱ्हेच्या लुडबुडीचा बंदोबस्त असा झाला. डोंगर ज्वालामुखीचा असल्याने रात्री भेगांतून येणारा वायू नोंदीत उंच दात काढी. ते तास ओळखून वगळले जात. यंत्राचा शून्य सरकतो हे गृहीत धरून ज्ञात मिश्रणाच्या सिलिंडरशी हवेची तुलना दिवसभर पुन्हा पुन्हा होई, आणि ही शिस्त कीलिंग यांच्या यशात यंत्राइतकीच मोलाची होती. प्रमाण म्हणून जी मूळ मोजणी होती ती प्रकाशाची नव्हती: द्रव नायट्रोजनने हवेतला कार्बन डायऑक्साइड गोठवून वेगळा काढायचा आणि पारा भरलेल्या दाबमापकात मोजायचा. त्यातही नायट्रस ऑक्साइड सोबत गोठतो, म्हणून त्याचे जेमतेम तीन दशांश पीपीएम वजा करावे लागत.

गोम होती ती सिलिंडरमध्ये. तुलनेचे मिश्रण कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजन यांचे होते. नायट्रोजन शुद्ध आणि कोरडा मिळतो, अवरक्त किरणांना तो पारदर्शक आहे. त्याच्याकडून दगाफटका होईल असे वाटण्यासारखे काही नव्हते. पण खऱ्या हवेत २१ टक्के ऑक्सिजन आणि जवळपास १ टक्का आर्गॉन असतो. कार्बन डायऑक्साइड तेवढाच असला तरी ऑक्सिजनच्या संगतीत त्याच्या रेषा कमी रुंदावतात, आणि यंत्र खरे प्रमाण कमी दाखवते. स्टॉकहोमच्या वॉल्टर बिशॉफ यांनी आणि ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या संशोधन संस्थेतील ग्रॅम पिअरमन यांनी १९७५ च्या सुमारास टेलस या नियतकालिकात हे दाखवून दिले. चूक काही पीपीएमची होती आणि यंत्राच्या बनावटीप्रमाणे बदलत होती. मौना लोआच्या वाढत्या रेषेला तिचा धोका नव्हता, कारण सगळी नोंद जवळपास सारख्याच मापाने खाली सरकलेली होती. पण हवाईची नोंद स्वीडनच्या किंवा ऑस्ट्रेलियाच्या विमानातल्या नोंदीशेजारी ठेवायची तर ही चूक घातक. दोन ठिकाणांतला खरा फरक अनेकदा एक-दोन पीपीएमचाच असतो. जुन्या नोंदी मग नव्या मापावर आणल्या गेल्या. आजच्या प्रमाणित मालिकेत मार्च १९५८ ची सरासरी ३१५.७ पीपीएम दिसते, त्यात मोजपट्टीच्या इतर फेरजुळण्यांबरोबर या दुरुस्तीचाही वाटा आहे. तुलनेचे सिलिंडरही बदलले. अमेरिकेच्या नोआ संस्थेचे प्रमाण सिलिंडर आता कोलोराडोतील नायवॉट रिज या डोंगरावरच्या खऱ्या, कोरड्या केलेल्या हवेनेच भरले जातात.

लेसरने पहिल्या तऱ्हेचा प्रश्न बराच सोडवला. लेसरच्या प्रकाशाची रुंदी वायूच्या एका रेषेपेक्षाही कमी असते, त्यामुळे शेकडो रेषांतून बाष्पापासून दूर असलेली एकच रेषा निवडता येते. १९८८ मध्ये पुढे आलेल्या कॅव्हिटी रिंगडाउन पद्धतीत प्रकाश दोन आरशांमध्ये हजारो वेळा फिरवून तो विझायला किती वेळ लागतो ते पाहतात. रेषा इतक्या ठळक दिसतात की बाष्पाची रेषा शेजारीच वेगळी मोजता येते. दुसरी तऱ्हा मात्र लेसरलाही सोडत नाही. कारखान्यात नायट्रोजन, ऑक्सिजन मिसळून केलेली कृत्रिम हवा तुलनेला वापरली आणि तिच्यातले प्रमाण खऱ्या हवेशी जुळले नाही, तर लेसरयंत्राचाही आकडा सरकतो.

भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर या मोजण्या उशिरा आल्या. गोव्यातील काबो द राम येथे १९९३ पासून सुमारे दशकभर हवेचे नमुने काचेच्या बाटल्यांत भरून ऑस्ट्रेलियात सीएसआयआरओकडे तपासायला पाठवले जात. पावसाळ्यात तिथे समुद्रावरची स्वच्छ हवा येते आणि हिवाळ्यात जमिनीवरची, कार्बन डायऑक्साइडने जड झालेली. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने २००९ पासून सिंहगडावर नमुने घ्यायला सुरुवात केली आणि पुढे तिथे लेसरयंत्रही आले. या पट्ट्यात बाष्पाचा हिशेब इतर प्रश्नांपेक्षा मोठा ठरतो. दमट दिवशी हवेत तीन टक्के बाष्प सहज असते, म्हणजे ३०,००० पीपीएम. ते बाष्प कोणतीही रेषा खात नाही असे धरले, तरी केवळ जागा अडवल्यामुळे कोरड्या हवेतला ४०० पीपीएम कार्बन डायऑक्साइड ३८८ दिसतो. टकरींचा परिणाम त्याहून वेगळा. म्हणून नमुना एकतर यंत्रात जाण्याआधी कोरडा करतात, किंवा बाष्प त्याच लेसरने मोजून, त्या विशिष्ट यंत्रासाठी प्रयोगाने काढलेले सूत्र लावून, आकडा कोरड्या हवेच्या मापावर आणतात.